खेकड्याच्या नांगीची सांडशी

हरिहर भित्रा होता, हे त्याच्या बायकोपासून कारखान्याच्या मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानेही ते कधी लपवलं नाही. लपवायलासुद्धा थोडा धीर लागतोच.

भिंतीवर पाल असली की तो उभ्याने जेवायचा. ठाण्यात खारकर आळीतल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड, आणि खाडीच्या बाजूला अण्णांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी. झारे, किसण्या, सांडश्या असा स्वयंपाकघरातला माल तिथे निघायचा. हरिहरने चित्र काढायचं आणि त्याबरहुकूम पत्रा कापला जायचा. त्याच्या चित्रांचा बारकावा पाहून अण्णा म्हणत, "देवाने डोळे दिलेत तुला." देवाचा त्यात फारसा हात नव्हता. कुठलीही वस्तू किंवा प्राणी समोर आला की हा आपल्याला कुठून चावेल, बोट कुठे अडकेल, हे हरिहर आधी शोधून ठेवायचा. कुत्रा दिसला की लोकांना कुत्रा दिसतो. हरिहरला जबड्याची बिजागरी दिसायची.

बावन्न सालच्या थंडीत मात्र भीती बाहेरून आली नाही, घरातच निघाली. त्याची बायको सुहासिनी शेगडीवरून उकळतं दूध उतरवत होती आणि पातेलं सांडशीतून निसटलं. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. सांडशी अण्णांच्या कारखान्याची, नवी, चकचकीत, चित्र हरिहरचं.

ती एका शब्दाने बोलली नाही. तेच वाईट झालं. भांडली असती तर हरिहरला बरं वाटलं असतं. जखम भरली, चट्टा राहिला, आणि तेव्हापासून शेगडीवर काहीही चढलं की हा दारात उभा.

"अगं, मी उतरवतो."

"तुम्ही बाहेर बसा हो. तुमच्या हातात पातेलं बघून मलाच कापरं भरतं."

बाहेर बसला तरी कान आतच. भांडं वाजलं की हा पुन्हा दारात. त्याच सांडश्या गावभर गेल्या आहेत, हे आठवलं की जेवण जाईना. शेवटी त्याने अण्णांकडे जाऊन, टोपी चाचपत, नवी सांडशी काढायची परवानगी मागितली. "काढ बाबा," अण्णा म्हणाले, "पण ही जर निसटली ना, तर मग तू पोळपाटच काढत बस. त्याच्यापासून कोणाला धोका नाही."

धरण्याची कला कोणाला येते? हरिहर मिठागरांच्या बांधावर जाऊन बगळे बघत बसला. बगळ्याच्या चोचीची सांडशी केली, लांब, देखणी. तिने भांडं धरलं आणि आत, मुठीकडे सरकवलं. बगळा मासा धरतो तो गिळण्यासाठी, हे तिने बरोबर लक्षात ठेवलं होतं. सांडशीला गिळायला घसा नव्हता, एवढंच.

कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काम करणारा आनंदा खाडीकाठच्या बाळकुमचा. तो म्हणाला, "मास्तर, धरून ठेवायचा तर चिंबोरीनी. मेली तरी सोडत नाय."

दुसऱ्या दिवशी त्याने फडक्यात बांधून एक चिंबोरी आणून दिली. खाडीतला खेकडा, बशीएवढा. हरिहरने आयुष्यात खेकडा जवळून पाहिला नव्हता. त्याच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर राहायचा. त्याने लांबूनच, खुर्चीवर पाय घेऊन, नांगीचं चित्र काढलं. दोन बोटं, मधे खाच, खाचेभोवती जाड वेढा. तशी सांडशी झाली. आनंदाने ती हातात घेतली, फिरवली, आणि प्रेस बंद करून हसत सुटला.

"मास्तर, ह्यो वेढा कसला?"

"नांगीला असतो तो."

"आवो, ती सुतली हाय! चावू नये म्हणून मीच बांधलेली!"

सुतळीची पोलादी नक्कल करणारा हरिहर हा ठाण्यातला पहिलाच माणूस असावा. "मग सोडल्यावर ती कशी धरते?" त्याने विचारलं.

"त्ये कोन बघतंय? आम्ही मोडतो नि खातो."

म्हणजे ओल्या गोणपाटात जपून ठेवलेली चिंबोरी घरी नेऊन सुतळी सोडून बघणं आलं.

रविवारी दुपारी मोरीत, वरच्या मजल्यावरच्या गोदूबाईंना सुगावा लागू नये म्हणून दार लावून, सुहासिनीने कात्रीने सुतळी कापली. हरिहर पालथ्या घातलेल्या बादलीवर उभा. खेकड्याने नांग्या उघडल्या आणि थेट बादलीकडे आला. हरिहरने हातातली लाकडी पट्टी पुढे केली. अडवायला म्हणून, पण खेकड्याला ती देऊ केल्यासारखी वाटली असावी. त्याने धरली.

आता ओढावी तर खेकडा वर येणार, सोडावी तर पट्टीसकट अंगावर येणार. हरिहर बादलीवरच अडकला. दुसरं काही सुचेना, म्हणून तो बघत राहिला. आणि त्या मरणाच्या भीतीत त्याला दिसलं, की नांगीचं एकच बोट हलतंय! दुसरं आपलं जागच्या जागी, मुकाट. पट्टी त्या मुकाट बोटावर टेकलेली आणि हलणारं वरून दाबतंय. आपल्या सांडशीचे दोन्ही जबडे हलायचे. भांड्याला टेकायला जागाच कुठे होती?

"अगं, वही दे!"

"पट्टी सोडा की आधी."

"सोडवत नाही गं!"

तिने वही धरली, त्याने तशाच अवस्थेत चित्र काढलं. त्यातल्या रेषा थोड्या थरथरल्या आहेत.

सोमवारी खेकडा आनंदाकडे परत दिला. "खाडीत सोड हं," हरिहरने बजावलं. मंगळवारी आनंदा म्हणाला, "सोडली, मास्तर," आणि उगाच छताकडे बघू लागला.

नवी सांडशी झाली. खालचा जबडा रुंद आणि स्थिर, काठाखाली टेकणारा. वरचा एकटाच हलणारा. हरिहरने ती घरी आणली. थंड पाण्याची पातेली उचलून झाली, गरम पाण्याची झाली. मग सुहासिनीने शेगडीवर दूध ठेवलं.

"मी उचलतो," तो म्हणाला.

"चट्टा माझ्या हातावर आहे ना? मग बाजूला व्हा."

दूध वर आलं. तिने त्याच डाव्या हाताने सांडशी लावली. खेकड्यापुढे पापणी न हलवणाऱ्या हरिहरने गच्च डोळे मिटले. काही वाजलं नाही. कोणी ओरडलं नाही.

"अहो, उतरवलं. पण तुम्ही पाहिलंत कुठे?"

तिने पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं आणि थांबली. "आता डोळे उघडे ठेवा. तुम्ही बघितल्याशिवाय मी काही ही रोज वापरायची नाही."

हरिहरने बघितलं. पातेलं उचललं गेलं, त्याच्या अगदी समोरून ओट्यापर्यंत गेलं, टेकलं. थेंब सांडला नाही. फक्त चहासाठी म्हणून त्याने हातात धरलेली कपबशी तेवढी खडखड वाजत होती, आणि ती सुहासिनीने हलकेच काढून घेतली.