कोरडा भराव

मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि मी ठाण्याच्या मागच्या खोलीत मुद्देमाल तपासत होते. जप्त केलेल्या कुऱ्हाडी, सायकली, गावठी दारूचे कॅन. मार्चअखेर प्रत्येक वस्तूचं सील बघावं लागतं. हवालदार दारात येऊन म्हणाले, डोणगावकडच्या एका गावचे पोलीस पाटील आलेत, एकट्यातच बोलायचं म्हणतात. पुढे जे झालं ते निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नावं कुणाचीच देत नाही. ते घर अजून त्याच गावात नांदतं आहे.

त्या गावातला एक तरुण शेतकरी बेपत्ता असल्याची नोंद त्याच्या आईने आमच्याकडे केली होती. बीटी कपाशी येऊन काही हंगाम झाले होते. त्या वर्षांत शेतकरी घरातला माणूस परतला नाही, की आम्ही आधी गावच्या विहिरी बघायचो आणि मग गोठ्यातली फवारणीची बाटली जागेवर आहे का ते. इथेही बघितलं होतं. विहिरीत काही नव्हतं, बाटली जागेवर होती.

पोलीस पाटील खुर्चीच्या कडेला बसले. "मॅडम, तो विहिरीत नाही सापडनार. तो भरावाखाली हाय."

"कोणी पाहिलं?"

"पाह्यलं कोनीच नाही. पन खड्ड्यातून काढलेली काळी माती गेली कुठं, ते सांगा तुमी मले."

आमच्या भागात हा प्रश्न कुणालाही कळतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावर घर बांधलं तर भिंती तडकतात. म्हणून जागेवरची काळी माती खोदून काढायची, खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, मग त्या खड्ड्यात बाहेरून आणलेला मुरूम थराथराने भरायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं. निघालेली काळी माती शेतात जाते. ती परत पायात कोणी टाकत नाही.

गावाबाहेर नवे प्लॉट पडले होते. तिथे हा तरुण आणि त्याचा मोठा भाऊ शेजारी-शेजारी घरं बांधणार होते. मोठ्याचा भराव तयार होता. धाकट्याचा खड्डा खोदणं चालू होतं. धाकटा कापूस घेऊन चिखलीला गेला, संध्याकाळी परतला तो थेट प्लॉटवर. तिथे दोघा भावांचं कडाक्याचं भांडण लोकांनी ऐकलं. सकाळी धाकटा नव्हता, बाजूचा काळ्या मातीचा ढीग नव्हता, आणि खड्डा भरून वर मुरूम पसरलेला होता.

मोठ्या भावाला मी ठाण्यात बोलावलं. चाळिशीचा, हाताला घट्टे पडलेला माणूस. त्याला बाकावर बसवून ठेवलं, चहा दिला, मग विचारलं.

"भांडण झालं?"

"हाव, झालं."

"कशावरून?"

"घरचं हाय, मॅडम."

"खड्डा कोणी भरला?"

"म्या."

"काळ्या मातीनं?"

त्याने मान खाली घातली. हवालदारांनी आवाज चढवला, "बोल ना बे, भावाले कुठं टाकलं?" त्यावर तो एवढंच म्हणाला, "मले माहीत नाही तो कुठं हाय. अन् तिथं खोदाचं असन तर आधी मले उतरवा. दुसऱ्या कोनाले उतरवू नका."

हवालदारांना हा कबुलीजबाबच वाटला. मला खात्री होत नव्हती. प्रेत पुरलेला माणूस मजुरांची काळजी करत नाही. पण शंकेवर चौकशी थांबत नसते. तहसीलदारांना कळवून दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांसमक्ष खोदायचं ठरवलं, पोलीस पाटलांना मजूर सांगायला लावले, आणि त्याआधी जागा बघून घ्यावी म्हणून दुपारी जीप काढली.

दोन भराव शेजारी होते. मोठ्याचा ओला होता, ताजं पाणी मारलेलं. धाकट्याचा कोरडा ठणठणीत, वर बारीक भेगा. मी पोलीस पाटलांना विचारलं, पाणी कोण मारतं?

"धाकटी सून. दोनी भरावाले तीच मारते. आता नवराच नाही तर बिचारी..."

तेच मला पटेना. दुःखातल्या बाईने दोन्ही सोडले असते. हिने जेठाचा, म्हणजे थोरल्या दिराचा, भराव रोज भिजवला आणि स्वतःचा सोडला. मोठ्या जाऊबाईच्या धाकाने म्हणावं, तर तिचा भराव भिजवताना आपल्यावर दोन बादल्या टाकायला कोण अडवणार होतं?

घरी गेले. म्हातारी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. "बाई, एक लेक गेला. दुसऱ्याले फाशी देसान काय? काही एक सांगा, मंग मी बी मोकळी होतो." तिच्यासमोरची भाकरी तशीच होती. दोन दिवस ती जेवली नव्हती.

धाकट्या सुनेला मी आतल्या खोलीत घेतलं आणि दार लोटलं. जबाबात तिने सांगितलं होतं, की नवरा चिखलीहून परतला तो घरी आलाच नाही, त्यानंतर भेट नाही की बोलणं नाही.

"तुझ्या भरावाला पाणी का मारत नाहीस?"

"मन लागत नाही."

"जेठाच्या भरावाला लागतं?"

मी म्हटलं, "उद्या ऊन वाढायच्या आत खोदणार आहोत. कोरडा असेल तर मजुरांचे हात जातील. आज संध्याकाळी चांगलं भिजवून ठेव."

ती पटकन बोलली, "नाही मॅडम, पानी नका मारू. खाली पोकळ हाय, सारं बसून जाईन."

"पोकळ आहे हे तुला कोणी सांगितलं?"

जेठ सांगणार नव्हता. उरलेला एकच माणूस होता, आणि तिच्याच जबाबाप्रमाणे तो त्या संध्याकाळनंतर तिला भेटलेला नव्हता.

"तुझी सासू बाहेर मरायला टेकली आहे," मी म्हणाले. "कुठे आहे तो?"

तेव्हा ती रडली. तो चिखलीला एका जिनिंगमध्ये गाठी उचलत होता. किराणा दुकानाच्या फोनवर तिचा भाऊ म्हणून बोलला होता. खोदताना खाली जुनं पेव लागलं होतं, पूर्वीचे लोक जमिनीत ज्वारी साठवायचे ते. तोंड घागरीएवढं, पोट खोलीएवढं. आमच्याकडे वाटणी करताना मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, अशी रीत आहे. धाकट्याने तो अर्धा प्लॉट स्वतः उचललेला. पेव निघालं हे त्याला कळलं असतं तर वाटणी मोडली असती, म्हणून मोठा त्याचं तोंड घाईने बुजवत होता, तेवढ्यात धाकटा पोचला. "तू उचलला, आता तूच निस्तर," असं मोठा म्हणाला, आणि धाकटा रागाने तिथूनच निघून गेला.

"हे म्हणे, दादा जोवर गावासमोर पेवाचं सांगत नाही तोवर येत नाही," ती म्हणाली. "मले वाटलं दोन दिसात सांगतीन. पोलीस येतीन असं कुठं वाटलं होतं."

हवालदार जीप घेऊन चिखलीला गेले आणि दिवेलागणीला त्याला ठाण्यात घेऊन आले. अंगभर कापसाचे तंतू चिकटलेले. मी दोघा भावांना समोरासमोर उभं केलं. मोठ्याने त्याच्याकडे बघितलं आणि खाली बसला, तो बराच वेळ उठला नाही. धाकटा म्हणाला, "दादा, उठ ना. घरी जाऊ." नंतर पेवाचं सगळं मोठ्याने आपणहून सांगितलं. घरी पोचल्यावर म्हातारीने धाकट्याच्या दोन थोबाडीत दिल्या, आणि मग भाकरी मागितली. ठाण्यात परतून मी बेपत्ता नोंद बंद केली. त्या नोंदवहीत इतक्या हलक्या मनाने मी क्वचितच सही केली असेल.

या प्रकरणातून एक गोष्ट मी घेतली आणि पुढे नव्या फौजदारांना सांगत राहिले. माणूस खून लपवतो तेवढ्याच जोराने लहानशी लाजही लपवतो. गप्प बसलेला दिसला की लगेच सर्वांत मोठा गुन्हा त्याच्या माथी मारू नये. आणि माणसं काय करतात यापेक्षा रोजचं कोणतं काम करायचं सोडतात, ते आधी बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या गावी गेले, कारण मजुरांना नको म्हणून सांगायचं राहून गेलं होतं. ते चौघे फावडी घेऊन उभे होते. पेव उघडं करून दगडांनी भरणं भागच होतं. मोठ्या भावाने कोणाला पुढे येऊ दिलं नाही. खड्ड्यातला भराव एकट्याने उपसून, कडेला पालथा झोपून त्याने तोंडावरची माती हळूहळू ओढली, आणि दोरीला कंदील बांधून आत सोडला. माणूसभर खोल गेल्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. त्याने कंदील वर ओढला, पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा विझला.

आतल्या कोंडलेल्या हवेत प्राणवायूच नव्हता; उतरलेला माणूस जिवंत वर आला नसता. आमच्या हुकमावरून याच माणसांना आम्ही त्यात उतरवणार होतो. मी पेवाभोवती दोर बांधून घेतला, भावांना दगड वरूनच टाकायला सांगितलं, आणि चारही मजुरांना फाट्यावरच्या हॉटेलात नेऊन चहा-पोहे सांगितले.