गेलाच असता

चेंडू होलपासून चार पावलं तरी लांब होता. वसंतानं वाकून तो उचलला आणि माझ्या हातात ठेवला. "गेलाच असता रे," म्हणाला.

चेंडू होलच्या अगदी तोंडाशी असला, की तो गेलाच असं धरून गोल्फमध्ये मित्र एकमेकांना अशी सूट देतात. पण तीस वर्षांत या माणसानं मला वीतभर अंतरावरूनही सोडलं नव्हतं. मी धडधाकट असल्याची खात्री मला त्याच्या त्या निर्दयपणावरूनच पटायची.

परवा पोकर खेळतानाही त्यानं मुकाट्यानं हार मानून पानं पालथी टाकली. तो चहा आणायला उठला, तशी मी ती उलटून पाहिली. तीन राजे! माझ्याकडे नुसती दुर्र्यांची जोडी.

माझा रिपोर्ट आणायला वसंतच गेला होता. "काही नाही, सगळं नॉर्मल आहे," म्हणाला होता.

आता यापुढचा प्रत्येक डाव मीच जिंकणार.