वरिष्ठांमार्फत, दिल्लीकडे

पद्मनाभ नरगुंदकरांना येत्या फेब्रुवारीत साठ पूर्ण होतील. षष्ट्यब्दीनिमित्त त्यांचा मुलगा श्रीनिधी एक छोटं पुस्तक काढतोय. 'नेत्रा, तू अण्णांना जवळून पाहिलंयस, तू पानभर लिही,' असं त्यानं मला सांगितलं. मी पानभर लिहिलंही. त्यात त्यांचा प्रामाणिकपणा होता, वक्तशीरपणा होता, चौतीस वर्षांत कुणाच्या चहालाही न शिवलेले हात होते. सगळं खरं होतं, आणि वाचता वाचता माझं डोकं फिरत गेलं. ते पान फाडून हे दुसरं लिहितेय. पुस्तकात हे छापणार नाहीत, ते मला ठाऊक आहे.

धारवाडच्या एका सरकारी कार्यालयात ते हेडक्लार्क होते. आम्ही सगळे त्यांना पद्दण्णा म्हणतो. सप्तापुरात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, आणि त्यांचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. सत्त्याण्णव साली दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तेच होते. एका अर्जाच्या सहा प्रती काढायच्या होत्या. सहावी प्रत जरा फिकट आली, तर त्यांनी ती बाजूला काढून मला पुन्हा काढायला लावली.

इतर कारकून माणसाला 'नाळे बर्री' म्हणत, म्हणजे उद्या या, आणि तो उद्या काही उजाडत नसे. पद्दण्णांनी तसं कधी केलं नाही. अर्जात काय काय कमी आहे ते ते एकाच चिठ्ठीवर, नंबर घालून, स्वच्छ अक्षरात लिहून देत. लोक त्यांना दुवा देत. पण चिठ्ठीतली एक गोष्ट जरी राहिली तरी अर्ज परत जाई. मग समोर म्हातारी असो की बाळंतीण. 'कागद पुरा तर काम पुरं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरे, आणि तेव्हा मलाही ते आवडे. आता आठवलं की चीड येते.

त्यांचे शाळेतले मित्र डॉक्टर बाळकृष्ण यांचा अळणावरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, दहा खाटांचा दवाखाना होता. ट्रस्टचा, धर्मादाय. तिथला टेलिफोन वर्षातले सहा महिने मुका. कुणी तार चोरून नेई, कधी झाड पडे. हुबळीच्या एका मोठ्या दवाखान्यातले हृदयाचे डॉक्टर म्हणाले, 'तुमच्याकडून ईसीजीचा आलेख आम्हाला लगेच दिसला, तर इथून औषध सांगू. फुकट सांगू.' त्यासाठी उपग्रहाशी बोलणारी डिश हवी होती. गोकुळ रोडवरच्या एका कारखानदारानं ती देणगी म्हणून दिली, आणि दोन हजार एकच्या फेब्रुवारीत ती दवाखान्याच्या गच्चीवर बसलीसुद्धा.

गच्चीवरचा तिचा चौथरा नागोजीनं बांधला. नागोजी तिथलाच, दुसऱ्यांच्या शेतावर राबणारा, पन्नाशीचा माणूस. पैसे घेणार नाही म्हणाला. वर दर रविवारी ओल्या फडक्यानं ती डिश पुसायचा. 'चालू झाली म्हणजे हुबळीचा डॉक्टर आपल्या गावात ऱ्हाईल,' असं तो सगळ्यांना सांगत असे. चालू व्हायला फक्त दिल्लीचा परवाना यायचा होता.

परवान्याचे कागद कोण करणार? पद्दण्णा! त्यांच्याइतका कागदातला माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. अर्ज सहा प्रतींत. जागेचा नकाशा, गच्चीची समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश सेकंदापर्यंत, स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, आणि डिशमुळे विमानांना अडथळा होत नाही असा दाखला. दवाखाना एकमजली. भोवतालचे साग त्याच्या तिप्पट उंच, पण त्यांच्याकडे कुणी दाखला मागितला नव्हता. हे मी हसून बोलले, तर पद्दण्णा म्हणाले, "हसू नको गं. मागितलंय म्हणजे द्यायचं की."

आठ महिन्यांनी उत्तर आलं. संचालक मंडळाची यादी जोडलेली नाही. ट्रस्टला संचालक नसतात, विश्वस्त असतात. पद्दण्णांनी तसं नम्रपणे कळवलं आणि विश्वस्तांची यादी जोडली. पुन्हा आठ महिन्यांनी उत्तर आलं. यादी मिळाली, पण नकाशा आणि विमानांचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुने झाले आहेत, नवे जोडावेत. त्यांनी नवे जोडले. सरकारी काम अन् सहा महिने थांब असं आपण म्हणतो, पण इथं सहा महिन्यांत कागदच मरायचा.

दोन हजार तीनच्या जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमारास, नागोजीच्या छातीत कळ आली. डॉक्टर बाळकृष्णांनी ईसीजी काढला. ते साधे डॉक्टर. आलेखात काहीतरी वाईट आहे एवढं त्यांना कळलं, पण ज्या इंजेक्शननं माणूस वाचू शकतो, त्याच इंजेक्शननं चुकीच्या रोग्याचा जीवही जाऊ शकतो. टेलिफोन बंद होता. नागोजीला जीपमध्ये घातलं, आलेखाची पट्टी त्याची बायको सीता हिच्या हातात दिली. धारवाड यायच्या आतच तो गेला. डिश चालू असती तर तो नक्की वाचला असता, असं डॉक्टर बाळकृष्ण कधी म्हणाले नाहीत. 'पहिल्या तासात कुणीतरी आलेख बघायला हवा होता,' एवढंच ते म्हणतात, आणि मग उठून जातात.

त्यानंतर पद्दण्णा महिनाभर दुकानात फिरकले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात दिल्लीची दोन पत्रं आणि एक कॅलेंडर होतं. माझ्या टेबलावर त्यांनी ते पसरलं. "हे बघ. दाखला जगतो सहा महिने. त्यांचं उत्तर यायला लागतात आठ. म्हणजे आपला अर्ज त्यांच्या टेबलावर पोचतो तेव्हा मेलेलाच असतो. आपलाच असं नव्हे, कुणाचाही. नेत्रा, हा अर्ज जन्मात पुरा होऊ शकत नाही." कागदाविरुद्ध बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढच्या वर्षी, दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये, दिल्लीनं एक जाहीर सूचना काढली. उपग्रह परवान्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांविषयी जनतेनं आपलं म्हणणं तीस सप्टेंबरपर्यंत कळवावं. कुणीही कळवावं, पोस्टानं किंवा ई-मेलनं. इंटरनेटवर ती मलाच दिसली. छापून मी त्यांच्या घरी धावत गेले. त्यांनी ती दोनदा वाचली आणि देवापुढे नेऊन ठेवली.

पंधरा दिवस ते रोज संध्याकाळी येऊन सांगत आणि मी टाइप करी. बावीस पानं झाली, तरी सगळा जीव पहिल्या पानावर होता. दाखल्याची मुदत तुमच्या उत्तराच्या मुदतीपेक्षा मोठी करा, नाहीतर अर्ज आला त्या दिवशीची तारीख धरा. शेवटच्या पानावर नागोजीची हकीकत होती. तिच्याखाली सीतेची संमती हवी म्हणून आम्ही दोघं एका रविवारी तिच्याकडे गेलो. मी वाचून दाखवलं. तिनं अंगठा उठवला आणि विचारलं, "ह्ये दिल्लीत वाचत्यात?" पद्दण्णा म्हणाले, "वाचतात. वाचायलाच मागवलंय."

आणि मग तेरा सप्टेंबरला या माणसानं तो कागद आपल्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. वर लिहिलं, 'वरिष्ठांमार्फत, दिल्लीकडे'.

मी कपाळाला हात लावला. "अण्णा, जनतेला विचारलंय. तुम्ही जनता नाही का? ई-मेलचा पत्ता समोर आहे. एक बटण दाबायचं."

"मी सरकारी नोकर आहे. बत्तीस वर्षांत माझा एक कागद थ्रू प्रॉपर चॅनेल सोडून गेलेला नाही. सरकारच्या नियमाविरुद्ध लिहायलोय, ते परस्पर पाठवू होय?"

साहेब वाईट नव्हते. तेच तर दुःख आहे. वाईट माणूस असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्यांनी शेरा मारला, 'विषय आपल्या खात्याचा नाही, कायदा विभागाचं मत घ्यावं.' कायदा विभागानं विचारलं, मूळ सूचनेची साक्षांकित प्रत कुठं आहे? पद्दण्णांनी ती त्याच दिवशी दिली. पुन्हा विचारलं, अंगठा देणाऱ्या बाईची ओळख कुणी पटवली? पद्दण्णांनी तेही लिहून दिलं, परिच्छेदांना नंबर घालून. मला दाखवायला आणलं, तेव्हा चेहऱ्यावर तेच जुनं समाधान होतं! दिवस संपत होते आणि हा माणूस हरकतींची सुंदर उत्तरं लिहिण्यात रमला होता. त्यांना धरून गदागदा हलवावं असं मला वाटलं. हलवलं नाही, कारण ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते.

तीस सप्टेंबर, गुरुवार. चार वाजता मी ऑफिसात फोन लावला. "अण्णा, बावीस पानं माझ्या मशीनवर आहेत. मी पाठवू? फक्त हो म्हणा."

ते म्हणाले, "बिनपरवानगी गेलेला कागद म्हणजे चोरी. पाठवलास तर मला तोंड दाखवू नकोस."

मी पाठवलं नाही. त्यांना मी कितीही बोल लावले तरी हे माझंच आहे. त्यांचा राग ओढवला असता, एवढंच ना? चार दिवस बोलले नसते. एका माणसाच्या रुसव्याला मी भ्याले.

पुढच्या वर्षी दिल्लीनं आलेल्या सगळ्या मतांची यादी प्रसिद्ध केली. एकतीस मतं आली होती, आणि सगळी कंपन्यांची. कंपन्यांनी फीविषयी लिहिलं होतं. दाखल्याच्या मुदतीवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मोठ्या कंपन्यांची दिल्लीत माणसं असतात. त्यांना उत्तरासाठी आठ महिने थांबावं लागत नाही, मग ते त्यांना दिसणार कसं? नव्या नियमांत अर्जाच्या प्रती सहाच्या चार झाल्या. दाखल्याची मुदत सहा महिनेच राहिली.

पद्दण्णांचा कागद तेव्हाही साहेबांच्या कपाटात होता. सीता भेटली की विचारायची, "अण्णा, कागद पोचला का?" ते म्हणायचे, "मार्गावर आहे." हे खोटं नव्हे, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. जावक वहीत आउटवर्ड नंबर पडेपर्यंत कागद मार्गावरच असतो म्हणे.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत ते निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं झाली, आणि टेबल रिकामं करताना ती फाइल त्यांच्या हातात आली. आत साहेबांचा शेवटचा शेरा होता, 'मुदत संपली असल्याने पाठविण्याची आवश्यकता नाही.' खाली कायदा विभागाचं मत होतं. नागरिक म्हणून लिहिण्यास हरकत दिसत नाही, परवानगीची गरज नव्हती. त्यावर तारीख होती बावीस नोव्हेंबर दोन हजार चार. वरातीमागून घोडं.

त्या रविवारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सीतेकडं जाऊन येऊ. तू चल." बसमध्ये फाइल मांडीवर होती. तोपर्यंत डॉक्टर बाळकृष्ण थकून पुण्याला मुलीकडे गेले होते आणि दवाखान्याला कुलूप होतं.

सीतेनं अंगणात घोंगडं अंथरलं, चहा दिला. पद्दण्णांनी फाइल उघडून तिला सगळं सांगितलं. कुठलीही तारीख गाळली नाही. साहेबांनी काय लिहिलं, कायदा विभागानं काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजे त्यो कागद धारवाडातनं भाईर पडलाच न्हाई?"

"नाही."

"मग तुमी सोता का न्हाई टाकलासा? पोस्टाचा लाल डबा आमच्या गावात बी हाय की."

"तसं चालत नाही, सीता."

"का?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चौतीस वर्षं प्रत्येक 'का'ला नियमाचा नंबर सांगणारा माणूस फाइलची नाडी बांधू लागला. बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"नियम नव्हता तसा," ते म्हणाले. "मी भ्यालो. दुसरं काही नाही."

सीतेनं मान हलवली. तिला ते लगेच कळलं, असं मला वाटलं.

"माझा मालक बी भ्याला होता, अण्णा," ती म्हणाली. "जीपमदी बसताना माझा हात सोडंना. म्या म्हनलं, भिऊ नगासा, अण्णांनी कागद केल्याती." मग तिनं आमचे पेले उचलले आणि विसळायला आत नेले.