झाकण न बसलेली शेगडी

साठी पूर्ण व्हायला दोन महिने उरले असताना मी आयुष्यात प्रथमच निखारे फुलवले. गॅस पेटवणे मी त्यात धरत नाही.

आमच्या विदर्भात रोडग्यांचा विस्तव पुरुषांच्या ताब्यात असतो. कणकेच्या तीन-चार पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा मुठीएवढा गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर खरपूस भाजायचा, एवढेच त्याचे शास्त्र. कणीक बायकांनी भिजवायची, भाजायचे मात्र वडिलांनी आणि काकांनी. लहानपणी शेतातल्या जेवणांच्या वेळी त्या जाळापासून दहा पावलांवर उभी राहून मी ‘मला एक उलटू द्या’ हे वाक्य मनात घोळवीत असे. ते ओठांवर कधी आले नाही. पुढे पदव्या झाल्या, स्पर्धापरीक्षा झाली, दिल्लीतली नोकरी झाली. ते वाक्य तेवढे राहिले.

आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी अकरा वर्षे राहिले. तळमजला, पुढे हिरवळीचा एक पट्टा. या अकरा वर्षांत आमच्या जिन्यावरच्या प्रत्येक घरी मी पोटभर जेवले. वरच्या मजल्यावरच्या पाटण्याच्या बाई सणाला गूळ-कणकेचा तळलेला ठेकुआ पाठवत, त्यांच्यावरचे सरदारजी हिवाळ्यात सरसोंचा साग घेऊन स्वतः दार वाजवत. मी काय केले, तर दिवाळीला बाजारातली मिठाई पाठवली, तीही यजमानांच्या हाती. मला लोक आवडत नाहीत असे नव्हे. लोकांना ‘या’ म्हणणे मला जमत नाही, इतकेच.

जानेवारीत जिन्यावर पाटण्याच्या बाईंनी विचारले, निवृत्तीनंतर क्वार्टर कधी सोडणार. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि भलतेच बोलून बसले.

“जाने से पहले एक दिन सब लोग हमारे यहाँ खाइए। मैं अपने हाथ से भूनूँगी।”

संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला ठाऊक झाले. मार्चचा पहिला रविवार, दुपारी एक, बारा माणसे. खरे तर तेरा धरायला हवीत, कारण सरदारजींनी आपण दोघांचे खातो हे आधीच कळवून ठेवले होते. आता माघार घेतली असती, तर अकरा वर्षे नुसते खाऊन गेलेली बाई म्हणून मी नागपूरला परतले असते.

मार्च निवडण्याला कारण होते. थंडीत इथली हवा बिघडली की उघड्यावर कोळसा पेटवायला बंदी येते, आणि नियम मोडून पाहुणचार करणे माझ्याने झाले नसते. गोवऱ्या पेटवायला तर कॉलनीत कोणी देणार नाही. तेव्हा गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने सुचवले की झाकणाची गोल कोळशाची शेगडी घे. तीन पायांवर उभे असलेले अर्धे भांडे, त्यात जाळी, वर तसेच दुसरे अर्धे भांडे. हवेसाठी खाली एक झडप, वर एक. यजमान पहिल्या दिवसापासून तिला ‘घागर’ म्हणू लागले.

मी आयुष्यभर कार्यालयात खरेदीच्या नस्त्या हाताळल्या. त्यामुळे तुलनात्मक तक्ता आपोआपच झाला. पत्र्याची जाडी, जाळीच्या सळया, झडपांची घट्टता, राखेचे भांडे, तापमापक. शेवटचा रकाना शेऱ्याचा. महागड्या शेगडीने प्रत्येक रकान्यात बाजी मारली. मी सही केली ती मात्र सगळ्यांत स्वस्त शेगडीवर. पस्तीस वर्षे सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारलेल्या हाताला दुसरे काही सुचलेच नाही.

खोके उघडले तर झाकणाला एका बाजूने पोचा आलेला. झाकण ठेवले की भांडे आणि झाकण यांत करंगळी जाईल एवढी फट उरे. मी तक्रारीचे सविस्तर पत्र लिहून काढले. परत पाठवायची मुदत सोमवारपर्यंत होती. रविवार पार पडला की परत करायची, असे ठरले.

मुलीचा माझ्यावर विश्वास होता, माझ्या शेगडीवर नव्हता. रविवारी सकाळी ती आपल्या गच्चीवरची महागडी शेगडी गाडीत घालून आली. काळीभोर, मुलामा चढवलेली, झाकण असे बसे की बँकेच्या तिजोरीची आठवण व्हावी.

“आई, यार, बॅकअप तो चाहिए ना,” ती म्हणाली.

दोन्ही शेगड्या हिरवळीवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. यजमान म्हणाले, एकीकडे मुलाकडची मंडळी बसलीत आणि एकीकडे मुलीकडची. साडेअकराला मी दोन्हींत कोळसे पेटवले. त्यांच्यावर पांढरी राख धरली, तेव्हा मला नाचावेसे वाटत होते. महागडीत अर्धे रोडगे आणि भरताची वांगी, स्वस्त शेगडीत उरलेले रोडगे. वरण आत तयार होते. झाकणे लावली, आणि दोन्हींतून धूर निघाला.

तो सरळ वर गेला. वर पाटण्याच्या बाईंच्या बाल्कनीत धुतलेल्या चादरी वाळत होत्या.

पुढचे मी कोणाला न विचारता केले. महागड्या शेगडीची वरची झडप बंद केली. तरी थोडा धूर दिसला म्हणून खालचीही केली. धूर थांबला. स्वस्त शेगडीच्याही दोन्ही झडपा लोटल्या, पण तिची फट मोकळीच होती. मी स्वयंपाकघरातून ओला पंचा आणून तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. मग धूर बोल्टांच्या भोकांतून येऊ लागला. मी तिच्या चारी बाजूंनी पदराने वारा घालत फिरत राहिले. यजमान खुर्चीत बसून विचारत होते की आरतीला टाळ आणू का.

साडेबाराला मुलगी कांदा चिरून बाहेर आली. तिने आपल्या शेगडीचा काटा पाहिला आणि झाकण उचलले. निखारे काळे पडले होते. रोडगे पांढरेफटक, वांगी जशीच्या तशी.

“तू दोन्ही व्हेंट बंद केलेस? आई, आग विझवायची असली ना, की असं करतात.”

शेजारची पोचा आलेली शेगडी मात्र पंचा गुंडाळलेल्या अवस्थेत आतून लालबुंद होती. तिला विझवणे कोणालाच शक्य नव्हते. तिच्यातले रोडगे एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने सोनेरी झाले होते.

पाहुण्यांना अर्धा तास उरला होता आणि बारा माणसांसाठी सहा माणसांचे अन्न. त्यात वरून हाक आली. पाटण्याच्या बाई चादरी बाजूला सारून वाकून पाहत होत्या. मी हात जोडले. धुराबद्दल माफी मागितली, सगळे आत्ता बंद करते म्हणाले.

“बंद क्यों?” त्या म्हणाल्या. “ग्यारह साल में आज पहली बार पता चला कि नीचे कोई रहता है।”

आणि त्यांनी एकेक चादर आत ओढायला सुरुवात केली.

मी चारही झडपा सताड उघडल्या. स्वस्त शेगडीतले चार निखारे चिमट्याने उचलून महागडीत टाकले आणि पुठ्ठ्याने वारा घातला. तिने असा काही पेट घेतला की वीस मिनिटांत काटा उजवीकडे जाऊन टेकला. वांगी फुटून रस गाळू लागली, रोडगे सगळीकडून सारखे तांबूस झाले. तक्त्यातले गुण खरेच होते, हे मला मान्य करावे लागते. धुराचा खांब तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. तो पाहून सरदारजी एक वाजायच्या आधीच खाली उतरले, हातात तुपाचा डबा.

रोडगा फोडून, तुपात बुडवून मी पहिला घास त्यांना दिला. ते म्हणाले, ही तर बाटी. पाटण्याच्या बाई म्हणाल्या, बाटी कसली, ही लिट्टी आहे, फक्त आत सत्तूचे पीठ भरायला विसरल्यात. दोघे हमरीतुमरीवर आले. मी मधे पडून खणखणीत आवाजात सांगितले की हा रोडगा आहे, आणि मी विसरलेले काही नाही. मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मला हसू आवरेना.

शेवटचा रोडगा पाच जणांत फोडला गेला, आणि सरदारजींनी दोघांचे खाण्याचा शब्द पाळला. तीनला मुलीने आपल्या शेगडीच्या झडपा बंद केल्या. ती शहाण्यासारखी विझली. माझी विझेना. मग पाटण्याच्या बाई सत्तू भरलेले गोळे घेऊन आल्या, कोणी रताळी आणली, कोणी पनीर. ऊन उतरेपर्यंत मी चिमटा हातात घेऊन तिथेच उभी होते.

पाटण्याच्या बाई बराच वेळ दहा पावलांवर थांबल्या होत्या. मी चिमटा त्यांच्यापुढे धरला आणि एक उलटून बघा म्हटले.

सोमवारी यजमानांनी तक्रारीचे पत्र टाकायचे का, असे विचारले. मी ते मागून घेतले आणि ‘झाकण बंद होत नाही’ या वाक्याखाली शेरा लिहिला: ‘पाहिले. दुरुस्तीची आवश्यकता नाही.’