कोठीतला आयसी

वैनगंगा पवनीचा घाट चढून वर आली, आणि तहसील कचेरीतला वायरलेस नेमका तेव्हाच मुका झाला. वरून किती पाणी येतंय, हे सांगणारं तेवढंच एक यंत्र. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ईश्वरने ते उघडलं. आतला आयसी, म्हणजे गोमेसारखे पाय असलेला काळा तुकडा, जळाला होता. तो जगात एकाच ठिकाणी, जपानातल्या एका कारखान्यात बनायचा आणि त्या कारखान्याला गेल्या वर्षी आग लागली होती. पवनीच्या पुराचा जपानशी असा संबंध भूगोलाच्या पुस्तकात कुठे नव्हता.

ईश्वरकडे दोन आयसी होते. एक दुकानात होता आणि दुकान पाण्यात होतं. दुसरा, घरच्या रिवाजाने, आई सत्यभामाबाईंच्या बियाण्याच्या कोठीत. बी दोन जागी ठेवायचं आणि धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपेपर्यंत ओल लागू नये म्हणून लिंपलेली कोठी फोडायची नाही. रोवणी अर्धीच झाली होती.

"कोठी नाही फुटत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "रोपं वाहून गेली तं काय पेरशीन, तुहा रेडिओ?"

"माय, ढिवरांचा मोहल्ला नदीले लागून आहे. खबर नाही म्हणून सारे घरातच बसून राहिले."

सत्यभामाबाईंनी एकदा नदीकडे पाहिलं आणि कोठीवर विळा मारला.

वायरलेस बोलला. वरून मोठा लोंढा निघाला होता. मासेमारांचा तो मोहल्ला कोंबड्यांसकट टेकडीवर गेला. लोंढा आला, पण त्याला रिकामी घरंच मिळाली.

सत्यभामाबाई कोठी पुन्हा लिंपत होत्या. "दुसरा कधी आणशीन?"

"जपानचा कारखाना सुरू झाला का आणतो."

"त्यायले सांग, बी एकाच घरी ठेवत नसतेत."