अण्णा, जरा सरका!

आधीच सांगून ठेवते – भूत, करणी, बाहेरची बाधा, यातलं काहीएक मी मानत नाही. केजात कॉम्प्युटर क्लास चालवणारी बाई आहे मी, दाराला लिंबू-मिरची बांधणारी नाही. तरी हे घडलंय. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं...

मोबाईल नुकते कुठं लोकांच्या हातात आले होते, तेव्हाची गोष्ट. क्लास आमच्याच घरात, खालच्या खोलीत. रस्त्यापलीकडं शाळा. शाळेला नेट माझ्याकडून, वायरलेसनं. त्यासाठी गच्चीच्या कोपऱ्यात कमरेएवढा लोखंडी खांब रोवून अँटेना बसवलेली. सिग्नल चांगला असला की स्क्रीनवर वेगाचा आकडा अकरा. मध्ये काही आडवं आलं की यंत्र आपणहून वेग कमी करतं – साडेपाच, दोन, एक. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी आपण सावकाश बोलतो ना, तसंच.

आडवे यायचे ते माझे वडील, अण्णा. चारच्या सुमारास भाऊ शेरडं घेऊन माळावरून परतायचा आणि ती त्या कोपऱ्यातूनच दिसायची. अण्णा खांबापुढं घोंगडी टाकून बसले, की खाली आकडा एकवर! मी ओरडायचे, "अण्णा, जरा सरका!"

"माझी लई अडचण व्हती व्हय गं तुझ्या मशिनीला?" असं म्हणत सरकायचे. की लगेच अकरा.

पोरीच्या जातीनं क्लास कशाला काढावा म्हणून भावकी तुटून पडली, तेव्हा हाच म्हातारा एकटा माझ्या बाजूनं उभा राहिला होता.

अण्णा गेले. भावानं शेरडं विकली. गच्ची रिकामी... आणि तरी रोज चारला आकडा एकवर! केबल बदलली, कार्ड बदललं, बीडहून टेक्निशियन आणला. काही उपयोग नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी बजावलं, "मॅडम, आमचा कॉम्प्युटरचा तास चारलाच असतो. उद्या नेट चाललं नाही तर तुमचं कनेक्शन बंद." शाळा तुटली असती तर क्लासला कुलूप लागलं असतं. भावकी त्याचीच वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतच जाऊन बसले. चार वाजले. साडेपाच... दोन... एक. मुख्याध्यापक सर घड्याळाकडं बघायला लागले आणि माझं टाळकंच फिरलं. खिडकीशी गेले, आणि समोरच्या रिकाम्या गच्चीकडं बघून अख्ख्या वर्गादेखत ओरडले, "अण्णा, सरका ना जरा! लेकीच्या इज्जतीचा सवाल हाय!"

पोरं खिदळली. मग एकदम सगळ्यांच्या माना स्क्रीनकडं वळल्या. मी वळून स्क्रीन बघितली – दोन. साडेपाच. अकरा.

योगायोग म्हणाल. मीही म्हणाले. पंधरा दिवस तपासलं – गप्प बसले तर एक, ओरडले की अकरा. भाऊ म्हणाला, "शांती करून घे की. कावून हट्ट करतीस?" टेक्निशियन म्हणाला, खांब दोन हात बाजूला घेऊ, कटकट मिटेल. दोघांनाही तोंडावर सांगितलं – जमणार नाही! शांती कसली करता? अण्णांनी कुणाचं काय वाकडं केलंय?

कारण मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. पण खांब मी हलवणार नाही. तो हलवला, तर चारला हाक कुणाला मारू?