चन्नबसूची सरळ रेघ

आमच्या इलकलच्या कानडीत दोऱ्याला ‘दार’ म्हणतात आणि वाटेला ‘दारी’. फरक एका वेलांटीचा. त्या वेलांटीवर फोटोवाल्या चन्नबसूने पस्तीस वर्षं नाव कमावलं. कुणी विचारलं, फोटो चांगला कसा यायचा, तर तो एवढंच सांगायचा, “दार हीच दारी. नजर मोठी आळशी असते बाबा. तिला चालायला वाट आखून दे, आपोआप चालते.”

चन्नबसू आमच्याच विणकरांच्या गल्लीतला. त्याचं घर माझ्या समोर, शाळेत बाकडं एक, मारही एकत्रच खाल्लेला. पण मागावर बसवलं की त्याच्या हातात सूत टिकायचं नाही. पाच मिनिटांत तीन धागे तोडायचा. बापाने वैतागून त्याला गदगला एका फोटोवाल्याकडे पाठवलं, तिथे सहा वर्षं काढून हा गळ्यात कॅमेरा अडकवून परत आला, आणि आल्या दिवशी ज्या ताण्याला हात लावायची त्याला बंदी होती त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. मागावर चढवण्याआधी आम्ही तो गल्लीत या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणतो, खळ लावतो, कुंचा फिरवतो. शेकडो धागे, लाल, काळे, डाळिंबी, कंबरेइतक्या उंचीवर. माणसं खालून वाकून जातात, पण कुणी ओलांडत नाही आणि कुणी त्याला नावं ठेवत नाही. चन्नबसू एका टोकाला हनुवटी खुंटीला टेकवून बसायचा, म्हणजे धागे फोटोच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघून आत आत जायचे. दुसऱ्या टोकाला, धागे जिथे एक होतात तिथे, तो लग्नाच्या मुलीला उभी करायचा. फोटो हातात घेतला की तुम्ही कुठूनही बघायला सुरुवात करा, येऊन थांबणार तिच्या तोंडापाशी.

एकदा मी उगाच म्हटलं, “मुलगी नको, नुसता ताणा काढ की. माझा ताणा काय कमी देखणा आहे?”

“तिप्प्या, रेघेच्या शेवटी माणूस लागतो,” तो म्हणाला. “नाहीतर नजर एवढी चालत जाणार आणि भिंतीवर आपटून परत येणार. बिचारीने काय पाप केलंय?”

आमच्या गल्लीतून सासरी गेलेल्या प्रत्येक मुलीचा असा एक फोटो आहे. माझ्या बायकोचाही आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या मुलीची, सहनाची पाळी आली. बदामीहून मुलाकडची माणसं आली होती, चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची आणि मिरचीभज्यांची ताटं फिरत होती, अर्धी गल्ली जमली होती. मी दोन दिवस खपून ताणा लावलेला. सहना टोकाला उभी राहिली. चन्नबसू बसला, सवयीने डावा डोळा मिटला, उजवा कॅमेऱ्याला लावला आणि तसाच राहिला. मग भिंग बदललं. पुन्हा बघितलं.

“तिप्प्या,” तो म्हणाला, “ताणा वाकडा आहे. मधे लाट आलीय.”

आमच्यात एखाद्याच्या घराण्याला शिवी दिली तरी तो ऐकून घेईल. ताणा वाकडा म्हणणं म्हणजे हात विणकराचा नाही म्हणणं, आणि तेही व्याह्यांसमोर.

“काय म्हणालास?”

“तूच बघ की. सहनाच्या हनुवटीपाशी सगळे धागे वळताहेत.”

मी खुंटीवर खुंटी ठोकून दाखवली. धाग्यावर बोट मारून वाजवून दाखवला. तो पुन्हा डोळा लावून बसला आणि मान हलवली. वाकड्या ताण्यावर बटण दाबणार नाही म्हणाला. तेव्हा माझा तोल गेला. “वाकडा तुझा कॅमेरा! वाकडी तुझी नजर! ज्याला पाच मिनिटं सूत धरता आलं नाही तो मला ताणा शिकवतो! ऊठ इथून!”

तो उठला, कॅमेऱ्याला कापड गुंडाळलं आणि समोरच्या घरात गेला. सहनाचा फोटो तिच्या मामेभावाने मोबाइलवर काढला. त्यात ती आहे, ताणा आहे, आणि नजर जाते ती मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी ढेरीवर.

चार महिने आम्ही बोललो नाही. समोरासमोर दारं, पण तो बाहेर आला की मी आत. त्याने कॅमेरा दुरुस्तीला पाठवला, तो काही दोष नाही म्हणून परत आला, हे मला कळलं. मी खूश झालो, खोटं कशाला सांगू? मग तो म्हणे कॅमेऱ्यातून देवळाचा खांब बघून म्हणाला, हा कधी वाकला? गल्लीत हसण्याला विषय मिळाला. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो असेन.

एवढं साधं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोन्ही डोळे उघडे असताना त्याला सगळं बरं दिसायचं, कारण डावा डोळा सांभाळून घ्यायचा. पस्तीस वर्षं तो जगाला मापत आला एका उजव्या डोळ्याने. त्या डोळ्यावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती. त्याने भिंगावर घेतली, कॅमेऱ्यावर घेतली, माझ्या ताण्यावर घेतली.

शिमग्याच्या सुमाराला त्याची बायको नीलव्वा माझ्या दारात आली. “भावजी, भांडण नंतर करा. गिऱ्हाइकासमोर कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाले, तोंड कुठे गेलं याचं? मला भीती वाटते हो.”

हुबळीला डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला मी घेऊन गेलो. गाडीत तो खिडकीशी बसला, मी शेजारी. माफी कुणी मागितली नाही. गदग गेल्यावर त्याने भुईमुगाच्या शेंगांची पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

डॉक्टरीणबाई आमच्या सहनाच्या वयाच्या. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद समोर धरला, चन्नबसूचा डावा डोळा झाकला आणि म्हणाल्या, “मधल्या ठिपक्याकडे बघा.”

“ठिपका कुठाय?” त्याने विचारलं.

डोळ्याच्या पडद्यामागे रक्त पाझरलं होतं, सुकून वण पडला होता. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. बाईंनी विचारलं, “रेघा वाकड्या कधीपासून दिसायला लागल्या?”

“दिवाळीनंतरचा तिसरा सोमवार. याच्या ताण्यावर.”

“चार महिने झाले? तेव्हाच आला असतात तर इंजेक्शनांनी पुष्कळसं वाचलं असतं. रेघ सरळ आहे, तुम्हालाच वाकडी दिसतेय, असं कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं की,” चन्नबसू हसत म्हणाला. “यानेच सांगितलं. चांगलं गल्लीभर ओरडून.”

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. अख्ख्या इलकलमध्ये एकट्या माझ्याकडे पुरावा होता. माझा ताणा सरळ आहे हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं, मग वाकडं दुसरं काहीतरी असणार हे मला कळायला नको? पण मी अब्रू सांभाळत बसलो आणि त्याचा डोळा गेला. हे मी कुणाला सांगू? नीलव्वाला सांगितलं तर ती म्हणते, तुमचा काय दोष. त्याने तर जास्तच टोचतं.

बाईंनी बजावलं होतं, हा आजार दुसऱ्या डोळ्यातही उतरतो. रोज सकाळी उजवा डोळा झाकून कागद बघायचा. रेघ वाकली की त्याच दिवशी या, उद्या नको.

कागद त्याने देवघरात ठेवला. “कागदावरच्या रेघा काय बघायच्या? गल्लीत काय दुष्काळ आहे?” रोज कुणाचा ना कुणाचा ताणा असतोच. सकाळी चहा पिऊन तो येतो, खुंटीला हनुवटी टेकतो, तळव्याने उजवा डोळा झाकतो. मी दुसऱ्या टोकाला उभा राहतो, कारण रेघेच्या शेवटी माणूस लागतो. तो बघतो. मग तो म्हणतो, “सरळ आहे,” आणि मी कामाला लागतो. असे आठ महिने गेले. मी त्या दोन शब्दांवर जगायला लागलो होतो.

आज माझाच ताणा होता. तो बसला, डोळा झाकला. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. त्याने मान तिरकी केली, सरळ केली.

“तिप्प्या, रागावू नकोस,” तो म्हणाला. “ताणा वाकडा आहे.”

साठ वर्षांचा झालो, आमच्या सात पिढ्यांत कुणी मागितलं नसेल ते मी मागितलं. देवा, आज माझा ताणा वाकडा निघू दे. एखादी खुंटी हललेली असू दे, खळ कमी पडलेली असू दे. मी त्याच्या टोकाला आलो, धाग्यांवर हात ठेवला आणि माझ्या टोकापर्यंत चालत गेलो. मग दुसऱ्या काठाने परत आलो.

तो खुंटीपाशी तसाच बसून होता. “सांग की रे,” तो म्हणाला. “कुठे ढिला आहे?”

“चप्पल घाल,” मी म्हटलं. “साडेनवाची हुबळी मिळेल.”